बेरिल ॲकरॉइडच्या चौतीस पायऱ्या

बेरिल ॲकरॉइडला न घाबरणारा माणूस आमच्या गावात शोधायचा, तर नुकतंच जन्मलेलं बाळच शोधावं लागेल. टॉफीच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं होती, आणि त्यातली वीस वर्षं युनियनची प्रतिनिधी. तिच्या विभागातल्या बाया आठ-आठ तास उभ्या राहून टॉफ्या गुंडाळायच्या. बेरिलनं मॅनेजरच्या टेबलावर त्यांच्या सुजलेल्या पायांचे फोटो मांडले, तीन आठवडे त्याला सळो की पळो करून सोडलं आणि चाळीस खुर्च्या मिळवल्या. त्या बायांपैकी ज्या हयात आहेत, त्या अजून बसमध्ये तिच्यासाठी जागा धरून ठेवतात.

मार्चमधल्या एका गुरुवारी ती आमच्या वाचनालयात आली. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरांसाठी नाव नोंदवायचा अर्ज हल्ली कॉम्प्युटरवरच भरावा लागतो, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना मी गुरुवारी मदत करते. तिच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, ओठांना लिपस्टिक, हातात फाइल.

"नॉर्मनला घरी आणायचंय," ती म्हणाली. "एवढंच काम. किती वेळ लागेल?"

नॉर्मन तिचा नवरा, वय अठ्ठ्याहत्तर. पक्षाघातानं त्याची उजवी बाजू गेली होती आणि नोव्हेंबरपासून तो टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात होता. एका वेळी एकच शब्द बोलायचा, पण डोकं शाबूत. डॉक्टर त्याला सोडायला तयार होते. पण ॲकरॉइडांचं भाड्याचं घर मासे-बटाट्याच्या दुकानाच्या वर, चौतीस पायऱ्या चढून. तळमजल्यावरचं घर मिळाल्याशिवाय नॉर्मन हलणार नव्हता. बेरिल रोज दोन बस बदलून त्याला भेटायला जायची.

मी एकेक प्रश्न वाचायला लागले.

"तुम्हाला स्वतःला जिना चढताना त्रास होतो?"

"दमानं घेतलं की जमतं."

"मध्ये थांबावं लागतं?"

"खिडकीशी थांबते जरा. बाहेर बघायला."

"बेरिल, त्या खिडकीतून दुकानाचं धुराडं दिसतं फक्त."

"मला आवडतं ते. पुढचा प्रश्न."

"घरात ओल वगैरे?"

"कुठल्या घरात नसते?"

"नवऱ्याचं सगळं करायला मदत लागेल?"

"आमचं आम्ही बघू. कुरकुर करण्यासारखं काही नाही, पोरी."

मी त्रेपन्न वर्षांची आहे. पण बेरिलला साठीखालचं सगळं जग पोरासोरांचंच वाटतं.

तिनं सांगितलं तसंच मी टाइप केलं. आमच्याकडे रीतच आहे ती. पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूसही "बरंय की" म्हणतो, आणि विचारणारा "छान, छान" म्हणून पुढे जातो. मीही इथलीच, मलाही तीच सवय. तरी त्या दिवशी बोटं माझी चालत होती, आणि त्याचा मला आजही राग येतो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गट चौथा, म्हणजे सगळ्यात खालचा. 'अर्जदारांची सध्याची सोय पुरेशी आहे.' चौथ्या गटातली माणसं सात-सात वर्षं थांबतात.

"अक्कल नाही मेल्यांना!" बेरिल पत्र माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाली.

"अक्कल आहे त्यांना. तुम्ही लिहून दिलंत तेच त्यांनी वाचलं." माझा आवाज चढला; वर्तमानपत्रं वाचणारे दोघं वळून बघायला लागले. "खोटं बोललात तुम्ही."

"मी? जन्मात नाही!"

"मग सांगा. जिन्यात किती वेळा थांबता?"

ती फाइलच्या दोरीशी खेळत राहिली. "चार."

"कशासाठी?"

"छातीत कळ येते."

"नॉर्मनला सांगितलंत?"

"वेडी आहेस का? तो तिथं पडल्या पडल्या हाय खाईल."

फेरविचार मागायला एकवीस दिवस होते. बेरिल ऐकेना. "त्या कार्यालयात जाऊन रडगाणं गाऊ? भीक मागू या वयात?"

"खुर्च्या मागितल्यात ती भीक होती?"

"ते वेगळं. ते माझ्या बायांसाठी होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "बरं, समजा तुमच्या विभागातली एक बाई आहे," मी म्हटलं. "एक्काहत्तर वर्षांची. घर चौतीस पायऱ्या वर. छातीत कळा येतात, नवरा पाच महिने घराबाहेर, आणि विचारलं की म्हणते, बरं चाललंय. तिचं गाऱ्हाणं कोण मांडणार?"

बेरिलनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"बावळट दिसतेय ही बाई," ती म्हणाली. "कागद काय काय आहेत तिच्याकडे?"

पुढचे दहा दिवस मी नुसती बघत राहिले. तिनं डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली, भिंतीवरच्या बुरशीचे फोटो काढले, आणि खालच्या दुकानदाराला घड्याळ देऊन जिन्याच्या तळाशी उभं केलं. अर्जात लिहिलं, 'आमच्या सभासदाला वर पोचायला अकरा मिनिटं लागतात. सभासदाच्या नवऱ्याला वर पोचणं अशक्य आहे.' एका वाक्यातही 'मी' नव्हतं. मीही हट्ट धरला नाही.

कौन्सिलच्या कार्यालयात मी तिच्यासोबत गेले. समोरचा अधिकारी सभ्य होता, थोडा थकलेला. बेरिलनं कागद एकामागून एक असे मांडले की तो खुर्चीत सरळ बसला. शेवटी तिनं टेबलावर एक फोटो ठेवला. सुजलेले दोन पाय, मोज्यांचे वळ उमटलेले. या फोटोचं मला काहीच माहीत नव्हतं.

"हे पाय कुणाचे?" त्यानं विचारलं.

बेरिलनं चष्मा काढून फोटोशेजारी ठेवला.

"माझे," ती म्हणाली. "हे सगळं माझंच आहे. मला आता झेपत नाही."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मला रडू फुटलं. बेरिलनं मला रुमाल दिला आणि जरा दमानं घे म्हणून सुनावलं.

दुसरा गट मिळाला. जूनमध्ये तळमजल्यावरचं एक घर रिकाम्या घरांच्या यादीत लागलं, बेरिलनं पहिल्याच सकाळी त्यासाठी नाव टाकलं आणि ते तिलाच मिळालं. जुलैच्या एका मंगळवारी नॉर्मनची चाकाची खुर्ची न अडखळता उंबऱ्यातून आत आली.

बेरिल सकाळपासून पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत होती. पडदे, चहा, उशा, परत चहा. रुग्णवाहिकेच्या माणसानं जाताना विचारलं, "सगळं ठीक ना, मिसेस ॲकरॉइड?"

"कुरकुर करण्यासारखं—" ती सवयीनं म्हणाली आणि थांबली.

"बेरिल," नॉर्मननं हाक मारली.

"काय रे? चहा थंड झाला का?"

त्यानं डावा हात उचलून शेजारची खुर्ची दाखवली. "बस," तो म्हणाला.

"दमलेय रे मी, नॉर्मन," बेरिल म्हणाली, आणि बसली.