गफूरचाचांनी न मागितलेली माफी

त्या व्हिडिओत मी कुठेच दिसत नाही. म्हणून मला आजवर कुणी काही विचारलं नाही, आणि मीही कुणाला — बायकोला नाही, जुन्या संपादकांना नाही — काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही कदाचित तो पाहिलाही असेल. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला होता. गावातला पार, पारावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत बंटीभाऊ, त्याच्या हातात फोन. फोन स्पीकरवर. पलीकडे एक बाई आहे. ती गप्प आहे आणि इकडे लोक टाळ्या वाजवताहेत.

तिच्या त्या गप्प बसण्याबद्दल मला बोलायचं आहे. पण आधी बंटीभाऊ सांगावा लागेल.

बंटीभाऊ रिसोड तालुक्यातला. सुरुवातीला तो विनोदी रील करायचा. डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन सासू व्हायचा, टॉवेल काढला की सून. बाया हसून हसून लोळायच्या. एका उन्हाळ्यात त्याने गंमत म्हणून आपल्याच गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला आणि नळाला पाणी का नाही म्हणून कॅमेऱ्यासमोर झापलं. सासू-सुनेच्या सगळ्या व्हिडिओंना मिळून जेवढे बघणारे मिळाले नव्हते, तेवढे त्या एकाला मिळाले. त्या दिवसापासून टॉवेल गेला. लग्नात, आठवडी बाजारात, मयतीतसुद्धा लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढू लागले. जिल्हा परिषदेची निवडणूक पुढे होती. त्याला कुणी उमेदवार ठरवलं नाही. तो आपोआप उमेदवार झाला.

मी तेव्हा एका दैनिकाचा रिसोडचा वार्ताहर होतो. नोकरी न सोडता मी त्याचं काम करू लागलो. नाव कुठे नाही, सही कुठे नाही. काम एकच — आज फोन कुणाला लावायचा, ते मी ठरवायचं.

लोकांना वाटतं, भाऊ रागावतो आणि फोन लावतो. तसं नसतं. कलेक्टरला फोन लावायचा असेल तर आदल्या दिवशी निरोप जातो, आणि भाऊ त्यांच्याशी गोडच बोलतो. झापायला माणूस वेगळा लागतो. त्याला टेबल-खुर्ची हवी, म्हणजे तो सरकार वाटेल. पण तो लहान हवा, म्हणजे उलट बोलणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं — त्याला खुलासा करता येता कामा नये. खुलासा सुरू झाला की बघणारा अंगठ्याने पुढे सरकतो.

पेपरात आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी पाठवायची नाही. स्पीकरफोनची करामत अशी, की दुसरी बाजू घेतल्यासारखी वाटते. पलीकडून आवाज येतो ना! मग अन्याय कुठे झाला?

हे सगळं मी थंड डोक्याने केलं. आवडायचंही मला. माझी बातमी वाचून वीस वर्षांत कुणी टाळी वाजवली नव्हती.

त्या हिवाळ्यात किन्हीराजाच्या पलीकडच्या एका गावात डीपी जळाली. डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर; ती जळली की विहिरीत पाणी असून मोटर चालत नाही. गहू पाण्याला आला होता. वीज कंपनीकडून नवी डीपी आली, गाडी गावाच्या फाट्यापर्यंत आली, आणि तिथून वळून दुसऱ्याच शिवारात गेली. ते शिवार होतं बंटीभाऊला फिरायला गाड्या पुरवणाऱ्या माणसाचं.

मला हे माहीत होतं. बंटीभाऊला नव्हतं. आणि मला ज्या व्यक्तीने सांगितलं होतं, तिचंच नाव शाहीन.

शाहीन त्या भागाची सहायक अभियंता. रिसोडच्या गफूरचाचा गादीवाल्यांची मुलगी. चाचा दुकानात कापूस पिंजत असताना ती कोपऱ्यात बसून अभ्यास करायची, हे मी पाहिलेलं होतं. ती इंजिनिअर झाली तेव्हा फोटोसह बातमी मीच दिली होती. मला भाऊ म्हणायची. डीपी वळवल्यानंतर मी तिच्या ऑफिसात गेलो, तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. वरच्या साहेबांचा फोन आला होता, तोंडी आदेश, कागद काही नाही.

"छापू नका हं भाऊ," ती म्हणाली. "माझं नाव आलं तर नोकरी जाईल. मी लेखी आदेश मागून राह्यली, तो हाती आला की मीच देते तुमाले."

मी शब्द दिला. शब्द पाळलाही — छापलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग फोन तिलाच का? दोषी तर तिचे साहेब होते. गाड्यावाला होता. दोघांचे नंबर माझ्या मोबाईलमध्ये होते. गाड्यावाल्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. साहेब बोलण्यात पटाईत होते, त्यांनी व्हिडिओ खाऊन टाकला असता. शाहीन बोलू शकणार नव्हती, आणि ते का, हे तिनेच मला विश्वासाने सांगितलं होतं. एवढं कारण पुरेसं होतं. पण आणखी एक होतं. तिचं नाव. त्या नावाखाली व्हिडिओ कसा चालेल, याचा मी हिशेब केला होता. वाशिम जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

पारावर गर्दी जमली. फोन लावण्याआधी बंटीभाऊने मला बाजूला घेतलं. "सर, बाई खरंच दोषी हाय ना? नाईतर मी नाई बोलत."

मी म्हटलं, हो.

मग त्याने बोलायला सुरुवात केली, आणि तो खरंच चिडला होता. ते नाटक नव्हतं. माझ्या एका शब्दावर चिडला होता.

"मॅडम, माह्या शेतकऱ्याचा गहू वाळून राह्यला! डीपी कुठी गेली? खाल्ली का तुमी?"

हशा. शाहीन शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही ऑफिसला या, मी सांगते. फोनवर नाही सांगता येणार."

"काहून? लाज वाटून राह्यली?"

टाळ्या, शिट्ट्या. एक म्हातारी मागून ओरडली, "इचार तिले, तिच्या घरी लाईन हाय का?" पुन्हा हशा. मग पलीकडे शांतता झाली. आणि त्या शांततेनंतर ती म्हणाली — हे व्हिडिओत नाही, हे फक्त पारावरच्या पुढच्या चार माणसांनी ऐकलं असेल — ती म्हणाली, "तिथं आमचे पत्रकार भाऊ असतील तर त्यांना विचारा. त्यांना सगळं माहीत आहे."

बंटीभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या मागे होतो. मी मान हलवली. नाही.

"इथं कोणी भाऊ-बिऊ नाई," तो फोनमध्ये म्हणाला. "इथं फक्त शेतकरी हाय!"

पार दणाणला.

मी ते वाक्य कापलं. तिचं आणि त्याचंही. शांतता मात्र ठेवली. नुसती ठेवली नाही — लांबवली. तिचा श्वास ऐकू येत होता, त्याचा आवाज वाढवला. चोर पकडला गेला की कसा श्वास घेतो, तसा तो वाटावा म्हणून. खाली मजकूर लिहिला. पदनाम पुरेसं होतं. मी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासह.

पहिला तासभर लोक डीपीबद्दल लिहीत होते. संध्याकाळपर्यंत डीपी कुणाला आठवत नव्हती. ती कुठल्या मोहल्ल्यात राहते, तिला नोकरी कशी मिळाली, "यांना" कुठे पाठवायला हवं — सगळं येत गेलं. मी एक एक कमेंट वाचत होतो. एकही काढून टाकली नाही. काढता येत होत्या. बंटीभाऊचं पान माझ्याच हातात होतं.

इथे थांबलो असतो तर? तर कदाचित ती वाचली असती. ऑफिसने तिच्याकडे फक्त खुलासा मागितला होता. तिने तो लिहायला घेतला होता आणि या वेळी ती साहेबांचं नाव घालणार होती, हे मला तिच्याच ऑफिसातून कळलं. म्हणजे गाड्यावाल्याचंही नाव येणार. मग बंटीभाऊचं. मग माझं.

दोन दिवसांनी गफूरचाचा माझ्या ऑफिसात आले. स्वच्छ पांढरा कुडता, डोक्यावर टोपी. खुर्ची दिली तर काठावर बसले.

"साहेब, माह्यी पोरगी चोर नाय," ते म्हणाले. "मोहल्ल्यातले लोक म्हंते, जा, माफी मांग, मिटव. मी म्हटलं, माफी कायची? गलती केली तर माफी. मी माफी मांगाले नाय आलो. मागं तुमी पेपरात तिचं लिवलं होतं ना? तसंच खरं हाय ते एक डाव लिवा."

मी म्हटलं, बघतो. चहा सांगितला. त्यांनी अर्धाच घेतला. उठले, आणि दारात वळून त्यांनी हात जोडले.

ही त्यांची रीत होती. आपल्या माणसांना सलाम, आणि आमच्यासारख्यांना आमच्या पद्धतीने नमस्कार. दुकानातून गादी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक हिंदू गिऱ्हाइकाला त्यांनी आयुष्यभर असाच नमस्कार केला. थोडं वाकून, मान किंचित खाली.

माझा मोबाईल हातात होता.

पेपरवाल्याला एक सवय असते. मोठ्या बातमीचा दुसऱ्या दिवशी फॉलोअप द्यायचा, नाहीतर बातमी मरते. मी त्या नमस्काराचा फोटो बंटीभाऊच्या पानावर टाकला. वर लिहिलं — "अखेर वडिलांनी हात जोडून मागितली माफी! भाऊंनी मोठ्या मनाने केलं माफ." बंटीभाऊला मी नंतर सांगितलं. तो खूश झाला. "म्हाताऱ्याले एक शाल देऊ या का?" म्हणाला. मी नको म्हटलं.

बापाने माफी मागितली म्हणजे मुलीने कबूल केलं. ऑफिसातही असंच वाचलं गेलं. लोकभावना तीव्र आहेत, एवढं कारण देऊन शाहीनला निलंबित केलं. तिचा खुलासा कुणी उघडून वाचला असेल असं मला वाटत नाही. काही महिन्यांनी परत घेतलं, ते मेळघाटात. बंटीभाऊ निवडून आला. त्या गावाने त्याला भरभरून मतं दिली. गहू तोवर जळून गेला होता. डीपी त्यानंतर बसली, आणि तिच्यासमोर नारळ फोडतानाचा व्हिडिओही मीच केला.

एवढंच असतं तर मी कदाचित बोललोही नसतो. आमच्या धंद्यात असं होतं, म्हणून गप्प बसलो असतो.

पण मेळघाटला जाण्याआधी शाहीनचा मला फोन आला. मी पारावर होतो हे तिला माहीत नव्हतं. "इथं कोणी भाऊ-बिऊ नाई" हे तिने खरं मानलं होतं. फोटो माझ्या ऑफिसात निघाला, एवढं फोटोतल्या भिंतीवरून तिने ओळखलं होतं. तो कुणी काढला, हे विचारलं नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"भाऊ, एक विचारू? अब्बा म्हणतात, मी माफी मागितलीच नाही. कुराणावर हात ठेवून म्हणतात. मोहल्ल्यात सगळे म्हणतात, म्हातारा खोटं बोलून राह्यला, फोटो आहे. माझा भाऊ बोलत नाही त्यांच्याशी. म्हणतो, तुमच्यामुळे आपा दोषी ठरली. मले नोकरीचं काही नाही आता. फक्त एवढं सांगा — अब्बा तुमच्यासमोर काय म्हणाले होते?"

तिच्या मागे आवाज नव्हता. कुणी आहे की नाही, कळत नव्हतं. मला एकच सुचलं. हिचा फोन स्पीकरवर असेल.

मी म्हणालो, "माफीच मागितली त्यांनी. वय झालंय, विसरले असतील."

ती मग म्हणाली, "बरं. मी त्यांना आता विचारणार नाही."