संपतरावांनी ओतलेलं आम्ल

नंदेसरीच्या एका रंगांच्या कारखान्यात लक्ष्मीकांत दिवेकर केमिस्ट होते आणि संपतराव घाटगे ऑपरेटर. दोघेही बडोद्याहून एकाच बसने जात. संपतराव बडोद्याच्या वाडी भागातल्या तालमीत मल्लखांब शिकवत. बसमध्ये ते दिवेकरांसाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवत.

कारखान्यात सुटणारा क्लोरीन वायू कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या टाकीत शोषून घेत. पाणी अल्कधर्मी असतं तोवर वायू त्यात मुकाट राहतो. आम्ल पडलं की समतोल उलट सरकतो आणि तोच वायू पुन्हा बाहेर येतो. नव्या माणसांना दिवेकर हे स्वतः समजावून सांगत.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्लाचं सांडपाणी फार साचलं होतं. दिवेकरांना बहिणीच्या साखरपुड्याला निघायचं होतं. टाकीत ताजं कॉस्टिक भरलेलं असणार, त्यात आम्ल मुरून जाईल, असं त्यांनी गृहीत धरलं आणि न तपासताच सांगितलं, "संपतराव, ओता टाकीत."

टाकीतलं पाणी जुनंच होतं, क्लोरीनने भरलेलं. पिवळट हिरवा वायू उसळला. संपतराव वाचले, पण छाती कायमची गेली.

ते दवाखान्यात असतानाच चौकशी झाली. ऑपरेटरने कुणाला न विचारता आम्ल ओतलं, असं मॅनेजर म्हणाले. दिवेकर मान खाली घालून बसून राहिले. संपतरावांची नोकरी गेली, तालीमही सुटली. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी घरी खाकरे करून विकायला सुरुवात केली.

निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी दिवेकर वाडीत गेले आणि सगळं बोलून मोकळे झाले. संपतराव थांबत थांबत म्हणाले, "मला ठाऊकच होतं की, साहेब. दवाखान्यात मी वाट पाहत होतो. आज बोलतील, उद्या बोलतील." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आता मला नका सांगू. प्रतापला सांगा. त्याला वाटतं, बापाच्या निष्काळजीपणाने घर बुडालं. माझं तो मानत नाही."

मुलगा वाघोडियाहून कामावरून परतला, तेव्हा दिवेकरांनी त्याच्यापुढे पुन्हा सगळं सांगितलं. प्रतापने पायातले बूटही काढले नव्हते.

"हे आधी सांगितलं असतंत," तो म्हणाला, "तर मी बाबांना जे बोललो, ते बोललो नसतो."

त्याच वर्षी हिवाळ्यात संपतराव गेले. दिवेकर खांदा द्यायला पुढे झाले. प्रतापने अडवलं नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.