धाकट्या आजीच्या वाफेचा पाइप

बाळांनो, परवा धाकट्या आजीच्या स्वयंपाकघराचा व्हिडिओ पाहून तुम्ही फोन केलात. "धाकटी आजी कसली भारी आहे!" हे मलाच सांगितलंत. मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून चहासुद्धा गोड लागत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

माझी ही जाऊ मंगळवार पेठेत राहते आणि शिरोली एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पुरवते. भात, भाज्या वाफेवर शिजवायला तिने छोटा बॉयलर घेतला, तेव्हा सगळी भावकी बघायला लोटली. माझ्या स्वयंपाकघरात इतक्या वर्षांत कोणी डोकावलं नव्हतं.

बॉयलरपासून पातेल्यांपर्यंत वाफ न्यायला तिने गच्चीवरच्या सोलरचा उरलेला प्लास्टिक पाइप काढला. मी चष्मा लावून त्यावरची छपाई वाचली.

"अगं, हा गरम पाण्याचा आहे. शंभर अंशांच्या आतच याची मर्यादा संपते. वाफेचा दाब कमी असला तरी ती त्याहून गरमच."

"अक्का, सोलरचं पानी हात भाजतंय की! तुमी इंग्रजी वाचा, वाफंचं मी बगतो."

जमलेल्या बायका हसल्या. मी उठून गेले नाही, पाइपकडे बघत बसले. चाचणीला पाइप आधी मऊ पडला, मग मधोमध लोंबला आणि सांध्यातून वाफ फुसकन बाहेर आली. तिची सून शेजारीच भाजी चिरत होती. मी तिला मागे ओढलं आणि बॉयलरखालचा गॅस बंद केला.

मग जाड काळा लोखंडी पाइप मीच निवडला. आट्यांचे सांधे, आत पाणी साचू नये म्हणून थोडा उतार, कुणाचा हात भाजू नये म्हणून वरून ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या तंतूंचं जाड वेष्टण. प्लंबरने सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे केलं.

खंडेनवमीला तिने बॉयलरला आणि पाइपलाही झेंडूची माळ घातली. एक पाहुणे म्हणाले, "लोखंड घातलंय! काय डोकं हाय बाईचं!"

"मग! पोरीबाळी वावरत्यात हितं. प्लास्टिक चालतंय व्हय?" असं म्हणून तिने माझ्याच हातावर खोबरं-साखर ठेवली.

ती मी खाल्ली.

आता तिचा बॉयलर नवा आहे, ओटा नवा आहे, व्हिडिओत तुम्हाला दिसलं ते बहुतेक सगळं नवं आहे. मागच्या भिंतीवरचा पाइप मात्र तोच आहे. वाफ अजून त्यातूनच जाते.