वहिनी, बाजूला व्हा

लोक मॅरेथॉन तब्येतीसाठी धावतात, हौसेसाठी धावतात, कुणी म्हणे स्वतःला शोधायला धावतात. मी एका माणसाची जिरवायला धावले. हे मी अजिबात न लाजता सांगतेय.

आम्ही तेव्हा जयपूरला, सोडाल्यात राहत होतो. ह्यांची विमा कंपनीतली नोकरी, त्यामुळे सारखी बदली. भांडी खोक्यांत भरायची, खोक्यांतून काढायची, मुलीसाठी नवी शाळा शोधायची, असं करता करता माझी पंचेचाळिशी उलटली. जयपुरात मुलगी कॉलेजला जायला लागली आणि सकाळ पहिल्यांदा माझ्या ताब्यात आली. मी सेंट्रल पार्कात जायला लागले. आधी चालायचे, मग धावायला लागले. धावायचे म्हणजे काय, ओढणी कमरेला गच्च बांधून दुडुदुडु जायचे. एकदा काठी टेकत चालणारे एक आजोबा मागून आले, ‘बेटी, ज़रा साइड’ म्हणाले आणि खरोखरच मला मागे टाकून निघून गेले. घरी येऊन चहा पिताना मी हे ह्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. आपल्या फजितीवर आपणच हसलो की ती बोचत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पार्कात होते.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात शेवटच्या संध्याकाळी फिशपाँडचा कार्यक्रम होता. ज्याला कुणाची टोपी उडवायची असेल त्यानं नाव न घालता चिठ्ठी लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. सेक्रेटरी त्या माइकवर वाचणार, आणि ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्यानं उठून उभं राहायचं, असा आमच्याकडचा नियम. घरापासून लांब राहणाऱ्या माणसांना असल्या गोष्टींचं फार प्रेम असतं. मलाही होतं.

सेक्रेटरी नागपूरकडचे, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर. तेही सेंट्रल पार्कात धावायचे, पण परदेशातून मागवलेले बूट घालून आणि मनगटावर वाटीएवढं घड्याळ बांधून. माझ्या बाजूनं जाताना ‘चालू द्या वहिनी, चालू द्या’ म्हणायचे. मी धावत असताना! तर त्यांनी पहिलीच चिठ्ठी वाचली, मान डोलावत, शब्द न् शब्द चघळत:

‘सेंट्रल पार्कातले काठीवाले आजोबा आमच्या धावपटू वहिनींना म्हणतात, वहिनी, बाजूला व्हा, मला पुढे जायचंय!’

सगळा हॉल फुटला. मी खिरापतीचं ताट हातात धरून उभी राहिले, कारण नियम होता. पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून वळून बघत होत्या. हे तर चष्मा काढून डोळे पुसत होते. सगळेच हसत होते, त्यात ह्यांचं काय वेगळं, असं तेव्हा वाटलं. घरी जाताना मुलगी म्हणाली, “मम्मी, मतलब, ते सगळ्यांवरच वाचतात ना. तू इतकं सीरियसली का घेते?”

कारण ते मला जिव्हारी लागलं होतं. इतक्या वर्षांत ती एकच गोष्ट माझी स्वतःची होती, आणि तिचं त्या माणसानं माइकवरून भरीत केलं होतं. त्यानंच केलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आजोबा पुढे गेले तेव्हा पार्कात आणखी कोण होतं? सेक्रेटरीच, घड्याळवाले.

थंडीत शहरात मॅरेथॉन होणार आणि सेक्रेटरी ती पूर्ण धावणार, हे त्याच उत्सवात कळलं होतं. मी ठरवलं, आपणही पूर्ण धावायची आणि या माणसाला मागे टाकायचं. मागे टाकताना त्यालाच त्याचं वाक्य ऐकवायचं. वेगात मला त्याच्या नखाचीही सर नव्हती, पण पार्कात मी एक पाहून ठेवलं होतं. तो सुरुवातीला सुसाट सुटायचा आणि मग कमरेवर हात ठेवून घड्याळाशी खेळत उभा राहायचा. मी कधी उभी राहत नव्हते. माझ्याकडे तेवढंच होतं.

मग सुरू झालं. रोज पहाटे पार्क, रविवारी अजमेर रोडनं बगरूच्या दिशेनं जेवढं जमेल तेवढं. ट्रकवाले हॉर्न मारून हैराण करायचे, म्हणून हे स्कूटर घेऊन माझ्या मागे मागे यायचे. डिकीत केळी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, टॉवेल. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. धावून आलं की आम्ही रस्त्याकडेला चहा घ्यायचो आणि मी सेक्रेटरींचा उद्धार सुरू करायचे. ह्यांची त्यात पूर्ण साथ असायची.

“हलकट माणूस आहे,” हे म्हणायचे. “बाईमाणसाची अशी चेष्टा करतात का? तू सोडू नकोस त्याला.”

मला फार बरं वाटायचं. आपल्या रागात कुणी वाटेकरी असला की पाय हलके होतात. नवरात्रात पायाची नखं काळी पडली, दिवाळीत गुडघा सुजला, फराळाच्या चकल्या मी स्टुलावर बसून तळल्या, पण सराव सोडला नाही. जिना चढताना सुद्धा मी पुटपुटत असे: सेक्रेटरीसाहेब, बाजूला व्हा, मला पुढे जायचंय. नुसतं म्हणून जीव गार व्हायचा.

शर्यत संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. झाडांवर अजून फाटके पतंग लोंबत होते आणि धुक्यात मांजा दिसायचा नाही, म्हणून मी मान खाली घालून धावत होते. रामनिवास बागेपासून निघून सांगानेरच्या अंगाला जायचं, परत यायचं आणि पुन्हा एकदा तसंच जाऊन यायचं. सेक्रेटरी सुटले ते थेट दिसेनासे झाले. पहिल्या फेरीत ते मला समोरून परत येताना दिसले आणि लांबूनच ओरडले, “चालू द्या वहिनी!” माझं पित्त असं खवळलं की पुढचा बराच रस्ता कसा संपला ते कळलंच नाही.

दुसऱ्या फेरीत ऊन चढलं. रस्त्यावर पुन्हा गाड्या सुरू झाल्या होत्या आणि पाणी देणारी मुलं टेबलं आवरायला लागली होती. माझ्या मांड्यांचा दगड झाला होता. आता परतीचाच रस्ता उरला होता आणि तेवढ्यात फुटपाथच्या कडेला ते घड्याळ चमकलं. सेक्रेटरी पोटरी दोन्ही हातांनी आवळून बसले होते. पेटका आला होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन थांबले. या क्षणासाठी मी मरमर मेले होते. कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, बाजूला व्हा. मला पुढे जायचंय.”

त्यांनी पोटरी सोडून वर पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“वहिनी, तुम्ही अजून त्या चिठ्ठीचा राग धरून राहिल्या का? ते माझं नव्हतं ना! मी तर नुसतं वाचलं. तुमच्या साहेबांनीच आणून दिली होती माझ्या हातात. ‘पहिली हीच वाचा, आमच्या घरातलीच गंमत आहे,’ म्हणाले.”

आजोबांची गोष्ट मी सांगितली होती फक्त एका माणसाला, चहा पिताना. हे मला त्या फुटपाथवर आठवलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. चेष्टेचं मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण हा माणूस रविवारमागून रविवार माझ्यासोबत बसून दुसऱ्याला हलकट म्हणत चहा पीत होता! माझी काळी नखं बघत होता आणि स्कूटरवरून ‘सोडू नकोस त्याला’ म्हणत होता.

ह्यांनी पहाटे उठून केलेलं लिंबाचं पाणी माझ्या कमरेच्या बाटलीत होतं. ती अख्खी बाटली मी सेक्रेटरींना देऊन टाकली. त्यांना वाटलं, वहिनींनी माफ केलं. पण आता त्यातला एक थेंबही मला घशाखाली घालायचा नव्हता. त्यांची माफी मात्र मी मागितली नाही. ज्या चवीनं त्यांनी ते वाचलं होतं, त्याला तो पेटका बरोबर होता.

उरलेला रस्ता मी ह्यांच्यावर दात खात संपवला. पोचले तेव्हा कमान उतरवायला माणसं शिडीवर चढली होती. एका मुलीनं खोक्यातून पदक काढून गळ्यात घातलं. हे डबा घेऊन पुढे आले, डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं असावं.

“घे, तिळगूळ घे, गोड बोल! त्याला मागे टाकलंस ना?”

लाडू मी खाल्ला. बोलले काहीच नाही. थंडी वाजतेय अशी खूण करून ह्यांचं जाकीट मागून घेतलं आणि अंगात घातलं. मग हात पुढे करून स्कूटरची चावी मागितली. ह्यांना वाटलं, डिकीतला टॉवेल हवा असेल. मी स्कूटरवर बसले, सुरू केली आणि निघाले. जाकिटाच्या खिशात ह्यांचं पाकीट होतं आणि मोबाइलही होता. ते मला चांगलं ठाऊक होतं.

सोडाल्यापर्यंत चालत यायला ह्यांना दुपार झाली. ऑटो करून दारात भाडं देता आलं असतं, पण ते माझ्याकडून मागायची हिंमत झाली नसावी. मी दार उघडलं आणि दारातच उभी राहिले, पदक गळ्यात तसंच होतं.

“अगं, काय हे? काय झालं तरी काय?” हे धापा टाकत म्हणाले. “बाजूला हो, आत तर येऊ दे.”

“वाटेत काठीवाले आजोबा पुढे गेले का हो?” मी विचारलं.

हे चप्पल काढायला खाली वाकले आणि बराच वेळ चप्पलच काढत राहिले.