महालक्ष्म्यांच्या मागची मोटारसायकल

मोटारसायकल महालक्ष्म्यांच्या मागे लावता येते. लावल्यावर तिथून निघता येत नाही, एवढीच अडचण आहे.

आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदात तीन दिवस बसणाऱ्या गौरी, पूर्वी मंगरूळपीरला मोठीआईकडे बसायच्या. मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. तिच्या गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा तिने दोन्ही मुखवटे आमच्याकडे मालेगावला पाठवले. सोबत निरोप होता : "औंदा वर्षा करू दे. मी येऊन पाह्यतो. जमलं तं तिच्याकडंच राहू देऊ, नाई तं रिठदच्या सुनेकडं देऊ."

वर्षा ही माझी बायको. निरोप आल्यापासून ती झोपेत सोळा भाज्यांची नावं घेत होती. कधीकधी एक विसरायची आणि मला उठवून विचारायची.

महालक्ष्म्या गॅरेजमध्ये उभ्या करायचं ठरलं. पुढच्या खोलीत पंगत बसणार होती, आणि गॅरेजचं शटर वर केलं की बायांना रस्त्यावरूनच दर्शनाला येता आलं असतं. आमच्याकडे चारचाकी नाही. गॅरेज आधीच्या मालकाने बांधलं; कोणत्या गाडीसाठी ते त्यालाच ठाऊक, कारण त्यात ऑटोरिक्षासुद्धा अंग चोरून शिरेल. एरवी तिथे माझी मोटारसायकल असते. ती नवी होती. सीटवरचं प्लॅस्टिक मी अजून काढलेलं नव्हतं.

"गाडी बाहेर लावजा," वर्षाने आधीच बजावलं होतं. मी लावली. जेवणाच्या दिवशी पाहुणे येऊ लागले आणि त्यांतल्या एकाने आपली गाडी माझ्या गाडीला टेकवूनच उभी केली. टाकीवर केसाएवढा ओरखडा उमटला. (तो इतर कोणाला दिसला नाही. मी बोट ठेवून दाखवल्यावरही दिसला नाही.) त्यानंतर मी शांतपणे विचार करण्याच्या अवस्थेत नव्हतो.

गॅरेजला मागच्या अंगणातून एक लहान दार आहे. महालक्ष्म्यांच्या मागचा पडदा आणि मागची भिंत यांच्यात थोडी जागा उरली होती. ती मी वितीने मोजली. आरसे काढले आणि हँडल तिरपं धरलं, तर गाडी बरोबर मावत होती. हिशोबात चूक नव्हती. त्यात फक्त मी धरलेला नव्हतो.

गाडी ढकलत आत नेली तेव्हा मी भिंत आणि गाडी यांच्यामध्ये होतो. साइड स्टँड उघडायला गेलो, तर तो भिंतीला अडला. मेन स्टँडवर घ्यायला माणसाला मागे झुकावं लागतं, आणि माझ्या मागे सिमेंट होतं. परत बाहेर न्यावी म्हणून गाडी मागे रेटली, तेवढ्यात हँडलचं टोक भिंतीतल्या एका खिळ्याला लागलं. खिळा प्लास्टरसकट बाहेर आला.

त्या खिळ्याला फुलोऱ्याची दोरी बांधलेली होती.

फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचा थाट : करंज्या, पुऱ्या, तळलेल्या वेण्या-फण्या, सगळं दोऱ्यांत ओवून एका चौकटीला लटकवलेलं. वर्षा त्यासाठी दोन दिवस कढईपुढे बसली होती. दोरी सुटली असती तर तो सगळा थाट थेट मुखवट्यांवर आला असता. मी दोरी वरच्या वर झेलली आणि हाताशी जी पहिली मजबूत वस्तू आली तिला करकचून गाठ मारली. ती वस्तू म्हणजे गाडीचं कॅरिअर.

आता गाडी सोडली तर ती महालक्ष्म्यांच्या पाठीवर पडणार होती. गाठ सोडली तर फुलोरा त्यांच्या डोक्यावर. गाडी हलली की फुलोरा हलणार हेही उघड होतं. आणि पडद्यापलीकडे पूजा सुरू झाली होती.

"वर्षा," मी पडद्याला तोंड लावून कुजबुजलो.

"अगं माय. तुमी मांगं काय करून राह्यले?"

"गाडी धरली."

तिच्या बांगड्या पडद्याजवळ आल्या.

"कोणची गाडी?"

"आपलीच. फुलोऱ्याची दोरी तिले बांधली."

"कायले?"

"खिळा निघाला. कोणाले तरी पाठव."

"कोणाले पाठवू? एकाले सांगतलं का साऱ्या पंगतीले मालूम होईन. मोठीआई समोरच बसून राह्यली." तिचा आवाज रडवेला झाला होता. "हालू नोका. मी तुमच्या पाया पडतो, पण हालू नोका."

मी हललो नाही. गिअरचा दांडा नडगीत रुतला, तरी हललो नाही. घाम डोळ्यांत उतरला, तरी पुसला नाही. हाताला मुंग्या आल्या. रिठदच्या वहिनींच्या घरी महालक्ष्म्या बसल्या आहेत आणि आम्ही दोघं तिथे पाहुण्यांसारखे जेवतो आहोत, असं दृश्य मला स्वच्छ दिसू लागलं. एवढ्यात कोणीतरी धुपाटण्यात मूठभर धूप टाकला. धूर पडद्याखालून आत आला. शिंक मी शक्य तेवढी गिळली. बाकीची बाहेर आली.

"अवो माय, फुलोरा हालला," शेजारच्या उज्ज्वलाताईंचा आवाज आला.

"वारा असन," वर्षा म्हणाली.

"वारा कुठचा? दिवा इझते म्हून पंखा तं तूच बंद केला."

"मंग उंदीर असन."

"शिंकते कावो उंदीर?" हा आवाज मोठीआईचा होता.

त्यानंतर तिच्या उठण्याचा आवाज आला. मोठीआई एकदम उठत नाही. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग देवाचं नाव. पावलं घरातून फिरून अंगणाकडे निघाली. मागचं दार करकरलं. दारात मोठीआई उभी होती. तिने मला पाहिलं, मग गाडीला, मग दोरीला.

"काय करून राह्यला रे?"

"धरून राह्यलो."

"कवापासून?"

"पूजेच्या आंधीपासून."

तिने दोरीची गाठ ओढून पाहिली. सीटवरून हात फिरवला.

"हे प्लॅस्टिक काहून नाई काढलं?"

"नवी हाये."

ती दार लोटून निघून गेली. सगळं संपलं असं मी धरून चाललो. गाडी मात्र तशीच धरून ठेवली. मग पडद्यापलीकडून तिचा आवाज आला : "वर्षा, नैवेद्य दाखव. उंदीर नाई. घरचाच हाये."

आरती झाल्यावर दोन माणसं आली. एकाने फुलोरा सावरला, एकाने गाडी घेतली. माझे हात हँडल धरल्यासारखेच राहिले होते. पंगतीत पुरणपोळी मला वर्षाने भरवली. पाहुण्यांना वाटलं, आमच्यात फार प्रेम आहे.

संध्याकाळी निघताना मोठीआईने निकाल दिला. "महालक्ष्म्या वर्षाकडंच राहतीन. सैपाक चांगला, मांडणी चांगली. आन् आमच्याकडं इतके वर्सं माणसं निस्ती जेवाले येत. इथचा माणूस पूजाभर उभा होता." वर्षा पदराने डोळे पुसत तिच्या पाया पडली. मलाही पडायचं होतं, पण पाठ वाकली नाही.

तेव्हापासून महालक्ष्म्या आमच्याकडेच बसतात. ते तीन दिवस मोटारसायकल रस्त्यावर असते. ओरखडे मी आता पाहत नाही. भिंतीत नवा खिळा मात्र मोठीआईने ठोकू दिलेला नाही. खिळ्याचा भरवसा नसतो, असं तिचं मत आहे. म्हणून दरवर्षी पूजेपासून आरतीपर्यंत पडद्यामागच्या त्या जागेत फुलोऱ्याची दोरी हातात देऊन मलाच लावतात. मी बरोबर मावतो.