फैजपूरचं भरीत आणि सोनगीरची उलटी बाकडी

नव्वदच्या दशकातला हिवाळा. आमची थोरली बहीण, अक्का, पातेलं आपटून म्हणाली, "बठ्ठा गिऱ्हाईक उठी जातस! संक्रांतपर्यंत बघसू, नहीं ते हॉटेल बंद." सोनगीरला आग्रा रोडवर तिची शेवभाजीची खाणावळ, आणि घर त्यावरच चालायचं. चवीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. पण ताजी भाजी म्हटल्यावर वेळ लागणारच, आणि ट्रकवाले ऑर्डर देऊन निघून जायचे.

"चल फैजपूरला," मी म्हणालो. "मावसभावाकडे भरीत पार्टी आहे. डोकं तरी थंड होईल."

पहाटेच्या एस.टी.नं धुळे, तिथून जळगाव. पारोळा-एरंडोल रस्त्यानं पाठीचा पार भुगा केला, पण एरंडोलच्या स्टँडवरच्या गरम भज्यांनी सगळं माफ! तिकिटंही तेव्हा खिशाला झेपायची. भुसावळला तापी ओलांडली, यावल आलं आणि पुढे केळीच केळी, त्यांच्या पाठीशी सातपुडा. अहाहा! तुम्ही गेलात तर थंडीतच जा आणि यावलनंतर डावीकडची खिडकी सोडू नका.

भर दुपारी शेतात पोचलो, तर वांगी अजून टोपलीतच. अक्का कडाडली, "कितला टाइम लागी आते?"

भाऊ हसला. "अक्का, बसू नका. काड्या मोडा."

कपाशीच्या काड्यांचा जाळ झाला. मी वांगी सोलताना बोटं भाजून घेतली, सगळे खो खो हसले. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, त्यात वांगी ठेचायला अक्का पदर खोचून बसली आणि गप्पांत अशी रंगली की पुरी पानात पडल्यावर म्हणते, "हुई गयं बी?" ऊन कधीच उतरलं होतं!

"पाहुण्याला नुसतं बसवलं की भूक चावते," भाऊ म्हणाला. "त्याचे हात गुंतवायचे."

अक्काचा घास हातातच राहिला. हॉटेलात हवा लागावी म्हणून तिनं बाकडी रस्त्याकडे तोंड करून मांडली होती. ड्रायव्हर बसायचा आणि आपण मागे टाकलेल्या गाड्या एकेक करून पुढे निघताना बघायचा. मग तो कशाला थांबतोय!

सोनगीरला परतल्या परतल्या आम्ही बाकडी फिरवली, चूल पुढे ओढली. आठवड्यापूर्वी तणतणत उठून गेलेला एक ड्रायव्हर आला. अक्कानं त्याच्या हातात कांदा दिला, निखाऱ्यावर पापड भाजायला लावला. त्यानं बुक्कीनं कांदा फोडला, पापड करपवला, वर अक्काला मसाला शिकवू लागला. भाजीला नेहमीएवढाच वेळ लागला.

बाहेर जोडीदारानं हॉर्न वाजवला. हा ओरडला, "थांब रे, आत्तेच ते बसनू!"

मला तर नाचावंसं वाटलं. संक्रांत आली, गेली, हॉटेल चालू राहिलं. आजही कुणाला ताटकळत ठेवायची वेळ आली, तर मी आधी त्याच्या हाताला काम शोधतो.

त्या दिवशी मात्र जेवण उरकलं, हात धुतले, तरी गडी चुलीपाशी गप्पा हाणत बसलेला. अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आते याले उठाडू कसं?"