चिमट्याची कंबर

लॉन्ड्रीत त्याला सगळे चिमटा म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने. गिऱ्हाइकाने काउंटरवर कपड्यांचा गठ्ठा टाकला, की हा लाकडी चिमट्याने एकेक कपडा उचलून उजेडात धरायचा, डाग कुठे आहे ते पाहायचा, खिसे उलटे करायचा आणि मगच तो टोपलीत सोडायचा. खिशांतून काय काय निघायचं! वाळून कडक झालेले रुमाल, चघळून परत कागदात गुंडाळलेलं च्युइंगगम, एकदा तर कुणाची तरी कवळी. वर्षानुवर्षं लोकांच्या कॉलरी आणि काखा बघून त्याचं मत पक्कं झालं होतं, की माणूस हा वरून इस्त्री केलेला आणि आतून कळकट प्राणी आहे.

असा माणूस जिमच्या वाटेला जाईलच कशाला? पण गेला, आणि तोही किळस आली म्हणूनच. एका दुपारी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत शर्ट बदलताना त्याला आरशात एक पोट दिसलं. पांढुरकं, ओल्या टॉवेलासारखं पट्ट्यावरून लोंबणारं. "शी!" तो म्हणाला. ती 'शी' आपण स्वतःलाच केली, हे ध्यानात यायला त्याला जरा वेळच लागला.

गल्लीच्या टोकाला एक जिम होती. तिथे तो फुलपँट, हातमोजे, बाकावर अंथरायला घरची चादर आणि फवाऱ्याची बाटली असा सगळा जामानिमा घेऊन जाऊ लागला. शिकवणारी बाई बुटकी, रुंद खांद्यांची. तिला सगळे 'कोच' म्हणत, म्हणून तोही म्हणे. तिने त्याला जमिनीवरून दांडा उचलायला शिकवलं. दांड्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या, तो वाकून धरायचा आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर उभं राहायचं.

"दांडा नडगीला घासत वर आला पाहिजे," कोच म्हणाली. "अंगाला चिकटून. लांब राहिला की सगळा भार कंबरेवर येतो."

त्याने दांड्याकडे पाहिलं. मधल्या खरबरीत भागात पांढरी पांढरी पापुद्र्यांसारखी साल अडकली होती. कुणाच्या तरी नडगीची. कुणाची कशाला, गावभरच्या नडग्यांची. कोच टोकायची तेव्हा तो मान डोलवायचा, आणि तिची पाठ फिरली की दांडा वीतभर लांब धरून उचलायचा. वजन किरकोळ होतं तोवर ते खपून गेलं. उलट त्याला मजा वाटू लागली. दंडाला हात लावला तर काहीतरी टणक लागे. मग एका सकाळी कोच दुसऱ्या कोपऱ्यात गुंतलेली पाहून त्याने दोन्हीकडे एकेक चकती वाढवली.

दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि कंबरेत, अगदी पट्ट्याच्या रेषेत, कुणीतरी ओलं कापड पिळावं तसं काहीतरी पिळवटलं. हातातून दांडा सुटला. तो गुडघ्यांवर आला, मग कोपरांवर, मग गाल टेकला तो थेट त्या काळ्या रबरी चटईला. श्वास घेतला तरी कळ मस्तकात जात होती. आणि डोळ्यांसमोर, नाकापासून बोटभर अंतरावर, कुणाच्या तरी जखमेवरची निघालेली चिकटपट्टी पडली होती. तिला एक केस चिकटला होता. कंबर मोडली असेल तर मोडू दे, पण माझं तोंड इथून उचला, एवढंच त्याच्या मनात होतं.

डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, अंगठे दाबून पाहिले, कुठे मुंग्या येतात का, बधिर वाटतं का ते विचारलं. "मणका शाबूत आहे," ते म्हणाले. "स्नायू जबर दुखावलाय. पण अंथरूण धरून बसू नका. जमेल तेवढं चाला, सांगतो ते व्यायाम करा. आणि मी म्हणेपर्यंत वजनाला हात लावायचा नाही."

घरी तर कुणीच नव्हतं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून बायको आणि तिची थोरली बहीण दोघीही तिकडे मुक्कामाला होत्या.

"मी येते," बायको फोनवर म्हणाली.

"नको, तू तिथेच थांब."

"मग भाऊजींना पाठवते. ते तरी एकटे काय करतायत?"

"त्यांना नको! शेजाऱ्यांना सांग, कुणालाही सांग."

पण संध्याकाळच्या आत त्याचे साडू पिशवी घेऊन दारात हजर. रंगाच्या दुकानात विक्रेते होते ते. नखांत कायम कुठला ना कुठला रंग. किल्लीने कान कोरायचे आणि किल्लीचं टोक डोळ्यांजवळ नेऊन नीट निरखायचे. बोलता बोलता शिंकायचे, तळहात विजारीला पुसायचे आणि तोच हात पुढे करायचे. सासरच्या प्रत्येक समारंभात चिमटा त्यांच्यापासून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसत आला होता.

"काय साडू!" ते म्हणाले. "पैलवान व्हायला निघालात, आणि आम्हाला पत्ता नाही?"

घरात उकडलेल्या अंड्यांचा वास भरला. साडूंना स्वयंपाक म्हणून तेवढंच येत होतं. ते अंडी सोलायचे, टरफलं खिशात टाकायचे आणि विसरून जायचे. चिमटा कुशीवर पडून हे सगळं बघायचा. खाली वाकता येत नव्हतं, धड अंघोळ जमत नव्हती. मलमाचा, घामाचा आणि अंड्यांचा असा एक दाट वास पांघरुणासारखा त्याच्या अंगाला लपेटून बसला होता.

दुसऱ्याच दिवशी तो कमोडवर अडकला. बसला खरा, पण उठता येईना. भिंतीला धरून पाहिलं, बादलीवर हात टेकून पाहिला. शेवटी घाम फुटला.

"अहो," त्याने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "अहो, ऐकलंत का?"

साडू दार ढकलून आले. काही विचारलं नाही, थट्टा केली नाही. समोर उभे राहिले, याचे हात स्वतःच्या गळ्यात घातले, कमरेला मिठी मारली आणि म्हणाले, "हं, सोडा अंग." चिमट्याचं नाक थेट त्यांच्या ओल्या काखेत गेलं. तो उभा राहिला. विजार वर ओढायचं कामही साडूंनीच केलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते, जणू आपण पाहिलं नाही म्हणजे घडलंच नाही.

व्यायाम जमिनीवरचे होते. उताणं पडून एकेक गुडघा छातीशी आणायचा, मग कुशीवर वळून हळूच परत. पहिल्यांदा कुशीवर वळला तेव्हा त्याला आपल्याच पलंगाखालचं जग दिसलं. धुळीचे लोळ, मरून उलटं पडलेलं झुरळ, कापलेल्या नखाची कोर आणि केस. रोज सकाळी इतक्या निगुतीने विंचरलेले, त्याचेच केस. अख्ख्या गावाचे डाग शोधणाऱ्या माणसाच्या पाठीखाली रात्रभर हे होतं.

"शी," तो म्हणाला, आणि दुसरा गुडघा छातीशी घेतला.

पुढल्या आठवड्यात डॉक्टरांकडे परत जायचं होतं. मोजे घालताना साडू मध्येच थबकले.

"नखं फार वाढलीत हो. मोजा फाटेल."

"राहू द्या. मी बघतो नंतर."

"तुम्ही काय बघणार? गुडघ्यापर्यंत हात पोचत नाही तुमचा."

त्यांनी नेलकटर आणलं, जमिनीवर फतकल मारली आणि त्याचं पाऊल मांडीवर घेतलं. दहाही नखं शांतपणे कापली, जाड पिवळ्या अंगठ्याची तर दोनदा. मग तुकडे गोळा करून "आलोच" म्हणत न्हाणीघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. आणि नळाच्या आवाजाआडून दुसरा एक आवाज. पोटातून उमळून येणारा, दाबून धरलेला, पुन्हा उमळणारा.

साडू तोंड पुसत बाहेर आले. डोळे लाल झाले होते.

"तुम्हाला उलटी झाली?"

"छे हो. अंडं जरा जास्त झालं."

"खोटं बोलू नका."

साडू खुर्चीत बसले. कान कोरायला किल्ली काढली आणि परत खिशात ठेवली. "मला लहानपणापासून पायांची किळस आहे," ते ओशाळून म्हणाले. "कुणाचेही असोत. नखं बघितली की पोट वर येतं. बायकोच्या पायाचा काटासुद्धा मी आजवर काढलेला नाही."

"मग कापलीत कशाला? कुणी सांगितलं होतं?"

"मग काय तशीच ठेवायची होती?"

चिमट्याला राग आला. अक्षरशः अंगाची लाहीलाही झाली. या माणसाला, खिशात टरफलं घेऊन फिरणाऱ्या या गलिच्छ माणसाला, माझ्या पायांची शिसारी येते? मी रोज साबणाने पाय घासणारा! डॉक्टरांकडे जाताना त्याने साडूंचा हात धरला नाही. परत येतानाही नाही. पण रात्री पडल्या पडल्या रागाची धार कमी झाली आणि खाली उरलेली गोष्ट त्याला आवडली नाही. त्याला किळस आली की तो चिमटा घ्यायचा. साडूंना आली, तर त्यांनी पाऊल मांडीवर घेतलं होतं. हे कळल्याने साडू काही स्वच्छ झाले नाहीत. पलीकडच्या खोलीत ते घसा खरवडत होतेच, आणि चिमट्याच्या अंगावर काटा येतच होता.

सकाळी त्याने विचारलं, "तुम्हाला अंड्यांशिवाय काही येत नसेल, तर मी सांगतो तसा भात लावाल का?"

"सांगा की," साडू म्हणाले, आणि तांदूळ धुवायला घेतले. हात आधी धुतले नव्हते. चिमट्याने खिडकीबाहेर पाहिलं.

मग दोघं रोज चालायला जाऊ लागले. आधी गल्लीपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग पार पुलापर्यंत. कधी बरं वाटायचं, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ उठायची आणि वाटायचं सगळं मुसळ केरात. तो बूट स्वतः घालू लागला तेव्हा साडूंनी पिशवी भरली. जाताना हात पुढे केला, विजारीला पुसून. चिमट्याने तो उघड्या हाताने धरला, आणि ते जिना उतरून जाताच बेसिनकडे धावला.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या आठवड्यात तो जिममध्ये गेला. कोचने त्याच्यापुढे नुसता दांडा ठेवला, तोही ठोकळ्यांवर उंच करून. एकही चकती नाही.

"हे काय? हे तर कुणीही उचलेल."

"उचला ना मग. आणि तुम्ही लांब धरत होता, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. दोनदा बोलले होते. तिसऱ्यांदा दांडाच काढून घ्यायला हवा होता, ती माझी चूक. आता मी इथून हलणार नाही."

त्याने दांडा धरला. कोच शेजारी उकिडवी बसून बघत होती. गार, खरबरीत लोखंड पँटला घासत वर आलं. त्याच्या मानेवर शहारा आला, तोंडात आंबट पाणी सुटलं. कंबर मात्र गप्प राहिली.

"परत," कोच म्हणाली.

"घाण आहे हो हे सगळं."

"आहेच. परत."

बायको परतली तेव्हा सासूबाई काठी घेऊन चालू लागल्या होत्या. तिने दारातच पिशवी ठेवली, नाक वर करून हुंगलं आणि तडक सगळ्या खिडक्या उघडत सुटली.

"इथे काय मेलंय?" तिने विचारलं. "आणि तू असा भिंतीला टेकून का उभा? अजून दुखतंय?"

"हसलं की दुखतं," तो म्हणाला.

"मग हसतोयस कशाला?"

कंबरेवर हात दाबून तो तसाच हसत राहिला. बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि पलंग सरकवायला घेतला. "थांब," तो म्हणाला, "ते मी करतो," आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन हळूहळू, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांवर बसला.